डेलावेअरच्या खोऱ्यात राष्ट्रीय उद्यान नको का म्हणतात?

न्यू जर्सीत एडिसन-पिस्कॅटवेच्या बाजूला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना डेलावेअर वॉटर गॅप नवीन नाही. उन्हाळ्यातल्या शनिवारी डबे भरून निघायचं, माउंट टॅमनी चढायचा, नदीत पाय सोडून बसायचं आणि उजेड असेपर्यंत परतायचं, असा तिथला बेत असतो. न्यूयॉर्क शहरापासून ही जागा साधारण 70 मैलांवर, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांच्या सीमेवर आहे. डेलावेअर नदीने किटाटिनीची डोंगररांग कापून जी खिंड केली, तीच वॉटर गॅप. खिंडीच्या वरच्या अंगाला सुमारे 40 मैल नदी आणि तिच्या दोन्ही काठांचा मिळून जवळपास 70,000 एकरांचा टापू केंद्र सरकारच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे, म्हणजे राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. कागदोपत्री तो ‘नॅशनल रिक्रिएशन एरिया’ आहे, म्हणजे राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र.

या टापूला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा द्यावा, असा प्रस्ताव 2022 च्या सुमारास चर्चेत आला. तो पुढे आणला सिएरा क्लब या जुन्या पर्यावरण संस्थेच्या दोन्ही राज्यांतल्या शाखांनी. खोऱ्यातल्या लोकांनी मात्र ‘नो नॅशनल पार्क’ म्हणत विरोध सुरू केला. शिकारी, शेतकरी, टाउनशिपचे सदस्य, स्वयंसेवी अग्निशमन दलाचे लोक, सगळे त्यात आले. न्यू जर्सीतल्या ससेक्स काउंटीने आणि कित्येक टाउनशिपांनी विरोधाचे ठराव केले. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, आणि टाउनशिप म्हणजे काही गावं मिळून झालेली स्थानिक संस्था.

बाहेरून पाहणाऱ्याला हे कोडं वाटतं. जंगल तेच, नदी तीच, उलट मान वाढतोय. मग लोक का अडतात? याचं उत्तर हवं असेल तर अशी पुनर्घोषणा कशी होते, ते क्रमाने पाहावं लागतं. आपल्याला अमेरिकी कायद्याची काहीच माहिती नाही असं धरूनच पुढे जाऊ या.

नावांचा अर्थ

अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान सेवा 1916 मध्ये स्थापन झाली. आज तिच्याकडे चारशेहून अधिक जागा आहेत, पण त्यांपैकी ‘नॅशनल पार्क’ हे पूर्ण नाव जेमतेम साठ-पासष्ट जागांनाच आहे. बाकीच्या जागांची नावं वेगवेगळी आहेत: राष्ट्रीय स्मारक, राष्ट्रीय समुद्रकिनारा, राष्ट्रीय नदी, रणभूमी, मनोरंजन क्षेत्र.

मनोरंजन क्षेत्र हा प्रकार मुळात धरणांबरोबर आला. हूव्हर धरणामागच्या लेक मीडपासून त्याची सुरुवात झाली. जलाशय होणार, लोक बोटी घेऊन येणार, मासे धरणार, काठावर तंबू ठोकणार, तर त्यांची सोय आणि देखभाल कुणी तरी पाहायला हवी, असा त्यामागचा विचार होता.

इथे पहिली गफलत होते. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की संरक्षण जास्त आणि मनोरंजन क्षेत्र म्हटलं की कमी, असं समर्थक धरून चालतात. 1970 च्या कायद्याने आणि 1978 च्या त्याच्या दुरुस्तीने मात्र उद्यान सेवेच्या सगळ्या जागांना सांभाळण्याचं मूळ कर्तव्य एकच ठरवलं आहे. फरक पडतो तो त्या-त्या जागेसाठी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, जो स्वतंत्र कायदा केलेला असतो त्याच्या मजकुरामुळे. दारावरची पाटी बदलली म्हणून सातबारा बदलत नाही, तसंच हे आहे. खरा सातबारा म्हणजे तो कायदा, आणि भांडण असेल तर ते त्यातल्या वाक्यांवर व्हायला हवं.

जमीन कशी आली, ते आधी

या टप्प्यावर थोडं रेंगाळलं पाहिजे, कारण इथल्या विरोधाची मुळं याच काळात आहेत.

1955 च्या ऑगस्टमध्ये कॉनी आणि डायॅन अशी दोन चक्रीवादळं पाठोपाठ आली. डेलावेअरच्या खोऱ्यात शंभराच्या आसपास माणसं मेली. त्यातली बरीच ब्रॉडहेड क्रीक या उपनदीकाठी गेली, मुख्य नदीवर नव्हे. तरीही पुराचा उपाय म्हणून मुख्य नदीवरच टॉक्स आयलंड इथे मोठं धरण बांधायचं ठरलं, आणि 1962 मध्ये काँग्रेसने त्याला मंजुरी दिली. पूरनियंत्रण, शहरांना पाणी, वीज आणि करमणूक अशी चार कामं एका धरणाने साधायची होती. जलाशय 37 मैल लांबीचा होणार होता. त्याच्या काठावर लोकांना फिरायला जागा हवी म्हणून 1965 मध्ये डेलावेअर वॉटर गॅप राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्राचा कायदा झाला. म्हणजे आज जे जंगल आपण पाहतो, ते कायद्याच्या लेखी एका न बांधलेल्या धरणाचा काठ होता.

भूसंपादन लष्कराच्या अभियंता दलाने केलं. बुडीत क्षेत्रातली आणि त्याच्या वरच्या अंगाची घरं, शेतं, चर्च, दुकानं विकत घेतली गेली. जे विकायला तयार नव्हते त्यांच्यावर ‘एमिनंट डोमेन’ लागू झालं. सार्वजनिक कामासाठी मोबदला देऊन जमीन सक्तीने घेण्याचा जो अधिकार सरकारला असतो, त्याला हे नाव आहे. सुमारे 15,000 लोक विस्थापित झाल्याचं सांगितलं जातं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच शेतावर राहिलेली कुटुंबं त्यांत होती. कोयनेच्या किंवा वारणेच्या खोऱ्यातल्या धरणग्रस्ताला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

रिकामी झालेली काही घरं दलाने भाड्याने दिली. मग बाहेरचे तरुण येऊन वसले, त्यांच्यावर खटले झाले, आणि 1974 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारच्या मार्शलांनी त्यांना बाहेर काढून घरं बुलडोझरने पाडली. ज्यांनी ती घरं सरकारला दिली होती ते मूळ मालक जवळपासच्याच गावांत राहत होते. आपण जन्मलो ते घर पडताना त्यांना पाहावं लागलं, आणि धरणाचा अजून एक दगडही बसलेला नव्हता.

धरणाविरुद्धचा लढा त्याच खोऱ्यात उभा राहिला. पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला नॅन्सी शुकाइटिस यांनी तो वर्षानुवर्षं चालवला; पुढे मनरो काउंटीच्या कमिशनरपदी त्या निवडून आल्या. न्यू जर्सीच्या बाजूला सनफिश पाँड या डोंगरावरच्या तळ्यासाठी लोक एकवटले. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस स्वतः त्या तळ्यापर्यंत चालत गेले आणि प्रश्न देशभर पोचला. अखेर 1975 मध्ये डेलावेअर नदीखोरे आयोगातल्या चार राज्यांपैकी तिघांनी धरणाविरुद्ध मत दिलं. 1978 मध्ये नदीचा हा पट्टा ‘वन्य व रम्य नदी’ म्हणून संरक्षित झाला आणि घेतलेली जमीन उद्यान सेवेकडे आली.

धरण झालं नाही. जमीनही कुणाला परत मिळाली नाही.

वॉलपॅक हे न्यू जर्सीतलं टाउनशिप या सगळ्याची खूण आहे. 2020 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या 7 भरली. शाळा आहे, चर्च आहे, पोस्टाची इमारत आहे, माणसं नाहीत. याच खोऱ्याच्या कडेला राहणाऱ्यांना कुणी सांगू लागलं, ‘नुसतं नाव बदलतंय, तुमच्या जमिनीला हात लागणार नाही,’ तर ते का अडतात, हे उघड आहे. माझ्या मते त्यांचा अविश्वास रास्त आहे, आणि तो दूर करण्याची जबाबदारी प्रस्ताव आणणाऱ्यांवर येते.

एक गोष्ट इथेच नोंदवायला हवी. या खोऱ्यातलं पहिलं विस्थापन धरणाचं नव्हतं. इथे मुन्सी बोली बोलणारे लेनापे लोक राहत होते. 1737 च्या ‘वॉकिंग पर्चेस’ नावाच्या व्यवहारात पेनसिल्व्हेनियाचे संस्थापक पेन यांच्या वारसांनी फसवून त्यांची जमीन घेतली. त्यांचे वंशज असलेली, केंद्राची मान्यता मिळालेली राष्ट्रं आज ओक्लाहोमा आणि विस्कॉन्सिनमध्ये आहेत. प्रस्तावातल्या नव्या नावात ‘लेनापे’ हा शब्द होता. पण नाव घेणं वेगळं आणि सल्ला घेणं वेगळं.

प्रस्ताव मांडला जातो तेव्हा

पुनर्घोषणेची सुरुवात बहुधा सरकारातून होत नाही. एखादी संस्था, पर्यटनाशी संबंधित मंडळी किंवा एखादा लोकप्रतिनिधी कल्पना मांडतो. नकाशा काढला जातो, नाव सुचवलं जातं, वर्तमानपत्रांत लेख येतात.

डेलावेअर वॉटर गॅपसाठी सुचवलेलं रूप जोडनावाचं होतं: ‘पार्क’ आणि ‘प्रिझर्व्ह’. प्रिझर्व्ह म्हणजे असं राखीव क्षेत्र, जिथे निसर्ग तितकाच जपला जातो पण शिकारीला परवानगी असते. लहान गाभ्याला पार्क म्हणायचं, तिथे शिकार बंद. उरलेल्या मोठ्या भागाला प्रिझर्व्ह म्हणायचं, तिथे शिकार चालू.

ही रचना नवी नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यू रिव्हर गॉर्जला 2020 च्या डिसेंबरअखेर असाच दर्जा मिळाला: सुमारे 7,000 एकर पार्क आणि 65,000 एकरांहून थोडा अधिक प्रिझर्व्ह. 1978 पासून ती ‘राष्ट्रीय नदी’ होती.

इथली नेहमीची चूक म्हणजे नकाशा आधी आणि गाव नंतर. टाउनशिपच्या सभेत जाऊन ‘तुम्हाला काय हवंय’ असं विचारण्याआधी नाव आणि हद्द जाहीर झाली, की पुढची प्रत्येक बैठक समजावणीची न राहता बचावाची होते. ज्या खोऱ्याने एकदा तयार नकाशा पाहिला आहे, तिथे तर हे टाळायलाच हवं होतं.

हरकतींचा गाभा

विरोधाच्या सभेत बऱ्याच गोष्टी एकत्र ऐकू येतात. त्या सुट्या करून पाहिल्या की कुठली भीती कायद्याला धरून आहे आणि कुठली नाही, हे कळतं.

सर्वांत मोठा मुद्दा शिकारीचा. मराठी वाचकाला तो परका वाटेल, कारण आपल्याकडे शिकार कायद्याने बंद आहे. तिथल्या ग्रामीण भागात हरणाची शिकार ही हंगामी, परवान्याने होणारी आणि घरात मांस आणणारी गोष्ट आहे. बाप मुलाला शिकवतो अशी. मनोरंजन क्षेत्राच्या 1965 च्या कायद्यात राज्यांच्या नियमांनुसार शिकार आणि मासेमारीला स्पष्ट परवानगी आहे. राष्ट्रीय उद्यानात मात्र काँग्रेसने वेगळं लिहून दिलं नसेल तर शिकार बंद असते. त्यामुळे ही भीती अगदी खरी आहे. ‘फक्त गाभ्यात बंद’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण गाभा कुठे काढायचा हे ज्याच्या हातात, त्याच्याच हातात शिकारीची जुनी ठिकाणं जातात.

दुसरा मुद्दा सक्तीच्या भूसंपादनाचा. नाव बदलल्याने जमीन घेण्याचा नवा अधिकार आपोआप येत नाही, पण नवा कायदा करताना हद्द वाढवता येते, आणि हद्दीच्या आत आलेल्या खासगी जमिनीचं पुढे काय होणार हे त्या कायद्यावर ठरतं. यावर उपाय सोपा आहे: ‘जमीन फक्त राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच घेता येईल’ असं वाक्य विधेयकात असणं. ओहायोतल्या कुयाहोगा व्हॅलीचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. तेही 1974 मध्ये राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र झालं आणि 2000 मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. तिथे शेकडो घरं सरकारने घेतली ती मनोरंजन क्षेत्र असताना. नाव बदलण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे जमीन जाण्याचा धोका नावात नसून हद्द आणि संपादनाच्या कलमांत असतो.

तिसरा मुद्दा प्रवेशशुल्काचा. आज डेलावेअर वॉटर गॅपला सरसकट प्रवेशशुल्क नाही. उन्हाळ्यात नदीकाठच्या ठरावीक जागांवर पैसे घेतात. उद्यान झालं की फाटक बसेल का? इंडियाना ड्यून्सला 2019 मध्ये उद्यानाचा दर्जा मिळाला आणि 2022 च्या वसंतात तिथे प्रवेशशुल्क सुरू झालं. कुयाहोगा व्हॅली आणि न्यू रिव्हर गॉर्ज मात्र उद्यानं होऊनही प्रवेशासाठी पैसे घेत नाहीत. तेव्हा ‘शुल्क लागणारच’ हेही खरं नाही आणि ‘लागणारच नाही’ हेही नाही. विधेयकात काही लिहिलं नसेल तर निर्णय उद्यान सेवेकडे राहतो.

चौथा मुद्दा गर्दीचा. हा मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो. या क्षेत्रात आजच वर्षाला 40 लाखांच्या आसपास भेटी होतात. ओल्ड माइन रोडसारखा वसाहतकाळापासूनचा अरुंद रस्ता, डिंगमन्स फेरीचा खासगी मालकीचा, टोल घेणारा जुना पूल, मोजक्या जागांचे वाहनतळ, असं सगळं आहे. कुणी नदीत बुडालं किंवा कड्यावरून पडलं तर धावणारं अग्निशमन आणि रुग्णवाहिका पथक बहुतेक गावांत स्वयंसेवकांचं असतं. ‘राष्ट्रीय उद्यान’ हे नाव नकाशावर आलं की देशभरातले लोक ते पाहायला येतात. उद्यानांची यादी पूर्ण करणारेही पुष्कळ असतात. हॉटेलवाल्याला त्याचा फायदा होतो. मध्यरात्री दोर घेऊन कड्यावर जाणाऱ्या स्वयंसेवकाला होत नाही.

कराचाही प्रश्न आहे. केंद्राच्या जमिनीवर स्थानिक मालमत्ता कर लागत नाही आणि शाळा चालतात त्याच करावर. त्याची भरपाई म्हणून 1976 पासून केंद्र स्थानिक संस्थांना काही रक्कम देतं, पण बुडालेल्या कराइतकी ती क्वचितच असते. गर्दी वाढली आणि महसूल तोच राहिला तर भार गावावर पडतो.

शेतीचं फार थोडक्यात सांगतो. क्षेत्राच्या आतली काही शेतजमीन शेतकऱ्यांना कराराने कसायला दिलेली आहे. ते करार पुढे चालतील का, हे कुणी तरी लिहून द्यायला हवं.

कुठलं दार ठोठावायचं

बरेच लोक निवेदन घेऊन उद्यानाच्या अधीक्षकाकडे जातात. ते दार चुकीचं आहे. अधीक्षकाला किंवा उद्यान सेवेला एखाद्या जागेचं राष्ट्रीय उद्यान करण्याचा अधिकार नाही. राष्ट्राध्यक्षांनाही नाही; 1906 च्या पुरातन वस्तू कायद्याखाली ते सरकारी जमिनीवर राष्ट्रीय स्मारक जाहीर करू शकतात, इतकंच. राष्ट्रीय उद्यान फक्त काँग्रेसच्या कायद्याने होतं.

त्यामुळे खरं दार म्हणजे त्या मतदारसंघाचा प्रतिनिधीगृहातला सदस्य आणि त्या राज्याचे दोन सिनेटर. डेलावेअरच्या बाबतीत राज्यं दोन, म्हणून सिनेटर चार. स्थानिक प्रतिनिधीचा पाठिंबा नसताना उद्यानाचं विधेयक पुढे सरकणं फार अवघड जातं. टाउनशिप आणि काउंटीच्या ठरावांना कायद्याचं बंधन नसतं, पण त्यांचं वजन इथेच पडतं. ते ठराव प्रतिनिधीच्या टेबलावर जातात.

ठराव लिहिताना होणारी चूक अशी, की त्यात नुसता ‘विरोध आहे’ एवढंच असतं. अशा ठरावाला ‘भावना समजल्या’ असं उत्तर मिळतं. शिकार, संपादन, शुल्क, रस्ते, शेतीचे करार, बचावपथकांचा खर्च, असं मुद्देवार लिहिलेला ठराव बाजूला सारणं कठीण जातं. शेवटी नकारच द्यायचा असला तरी तो मुद्द्यांवर दिलेला बरा.

विधेयक येण्याआधी कधी कधी काँग्रेस उद्यान सेवेला अभ्यास करायला सांगते. जागा राष्ट्रीय महत्त्वाची आहे का, तिच्यासारखी दुसरी आधीच संरक्षित आहे का, सांभाळणं शक्य आहे का, आणि ते उद्यान सेवेनेच करायला हवं का, हे त्यात पाहतात. जी जागा आधीच उद्यान सेवेकडे आहे, तिचं फक्त नाव बदलायचं असेल तर असा अभ्यास कायद्याने सक्तीचा नाही. स्थानिकांनी तो आग्रहाने मागावा. त्यात जनमत घेतलं जातं आणि रहदारी, खर्च यांची उत्तरं कागदावर येतात.

विधेयकाचा प्रवास आणि त्यातली निसटती जागा

विधेयक मांडलं गेलं की ते समितीकडे जातं. प्रतिनिधीगृहात नैसर्गिक साधनसंपत्ती समिती, सिनेटमध्ये ऊर्जा व नैसर्गिक साधनसंपत्ती समिती. तिथे सुनावणी होते, उद्यान सेवेचा अधिकारी साक्ष देतो, स्थानिकांनाही लेखी म्हणणं पाठवता येतं. मग समिती मजकुरात दुरुस्त्या करते. दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि राष्ट्राध्यक्षांची सही झाली की कायदा.

पुस्तकातला प्रवास असा आहे. अलीकडची उद्यानं मात्र या सरळ वाटेने झालेली नाहीत. इंडियाना ड्यून्सचं नाव 2019 च्या फेब्रुवारीत सरकारी खर्चाच्या एका मोठ्या कायद्यात बदललं. व्हाइट सँड्सचं त्याच वर्षाच्या डिसेंबरात संरक्षणखर्चाच्या कायद्यात. न्यू रिव्हर गॉर्जचं 2020 च्या डिसेंबरात पुन्हा खर्चाच्या कायद्यात. शेकडो पानांच्या, मुदतीच्या आत मंजूर करावाच लागणाऱ्या कायद्यात उद्यानाची दोन-चार पानं घातली जातात.

यात बेकायदा काहीच नाही. पण गावकऱ्यासाठी सगळ्यांत धोक्याची जागा हीच. समितीत विधेयक पडून आहे म्हणून तो निर्धास्त असतो आणि वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात ते दुसऱ्याच कायद्याच्या पोटातून मंजूर होतं. विरोध करणाऱ्यांनीच नव्हे, पाठिंबा देणाऱ्यांनीही डिसेंबरमधल्या मोठ्या विधेयकांवर लक्ष ठेवावं. काँग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक विधेयकाचा पूर्ण मजकूर कुणालाही फुकट वाचता येतो आणि त्यात जागेचं नाव शोधता येतं.

याच टप्प्यावर तोंडी आश्वासनं निरुपयोगी ठरतात. ‘शिकारीला काही होणार नाही’ असं सभेत सांगितलेलं आणि विधेयकात नसलेलं वाक्य अधीक्षक बदलला की टिकत नाही. कायद्यात लिहिलेलं टिकतं.

कायदा झाल्यानंतर

पाट्या आणि नकाशे महिन्याभरात बदलतात. बाकीचं सावकाश होतं. उद्यान सेवा व्यवस्थापन आराखडा करते, त्यावर लोकांच्या हरकती मागवते, मग शुल्क, वाहनतळ, बोटींची संख्या, पायवाटा यांचे निर्णय येतात. विरोध हरला म्हणून या टप्प्याकडे पाठ फिरवणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे, कारण रोजच्या जगण्यावर परिणाम करणारे नियम इथेच ठरतात.

आणखी एक अपेक्षा इथे फोल ठरते, ती म्हणजे पैशांची. दर्जा मिळाला की निधी वाढेल, जुनी शौचालयं आणि खचलेले रस्ते दुरुस्त होतील, असं समर्थक सांगतात. नावाबरोबर निधी आपोआप येत नाही; तो दरवर्षी काँग्रेस मंजूर करते. रखडलेल्या दुरुस्त्यांसाठी 2020 च्या कायद्याने जो मोठा निधी दिला, तो उद्यान सेवेच्या सगळ्या प्रकारच्या जागांना खुला होता. त्यासाठी नाव बदलावं लागत नव्हतं.

आपल्याकडे हेच वेगळं का

महाराष्ट्रातला वाचक हे सगळं चांदोलीशी ताडून पाहील, आणि पाहावंच. चांदोली 1985 मध्ये अभयारण्य झालं, 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. आपल्याकडे ही घोषणा संसद करत नाही. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या कलम 35 खाली राज्य सरकार अधिसूचना काढतं.

फरक इथेच संपत नाही. अभयारण्यात जिल्हाधिकारी लोकांचे काही हक्क चालू ठेवू शकतात. राष्ट्रीय उद्यानाच्या अंतिम अधिसूचनेपूर्वी मात्र हद्दीतले हक्क निकालात काढून सरकारकडे घ्यावे लागतात, आणि आत जनावरं चारायला बंदी असते. म्हणजे आपल्याकडे नाव बदललं की चराई, सरपण आणि राहणं यांवर थेट घाला येतो. अमेरिकेत प्रत्येक उद्यानाचा कायदा वेगळा असल्याने गावाला कलमागणिक घासाघीस करता येते; आपल्याकडे एकच कायदा सगळ्या उद्यानांना लागू असल्याने ती वाट जवळपास बंद आहे. आपल्या गावकऱ्याच्या हाती उरतात त्या जिल्हाधिकाऱ्यापुढच्या दाव्यांच्या मुदती आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार. घोषणापत्रात दिलेली मुदत दोन महिन्यांची असते. ती चुकली की हक्क सिद्ध करणं फार जड जातं.

डेलावेअर वॉटर गॅप आजही राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रच आहे आणि तिथे शिकार, मासेमारी, पोहणं, नाव चालवणं पूर्वीच्याच नियमांनी चालू आहे. त्या खोऱ्याला मोठं नाव मिळावं की नाही, यावर दोन्ही बाजूंना भली माणसं आहेत. माझा कल मात्र गावांकडे आहे: ज्यांची जमीन एकदा न झालेल्या धरणासाठी घेतली गेली, त्यांना या वेळी नकाशाच्या आधी विचारायला हवं होतं, आणि त्यांच्या अटी विधेयकात शब्दशः उतरल्याशिवाय हा दर्जा देऊ नये. आपण न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात मतदार असाल, तर आपल्या प्रतिनिधीला ‘उद्यान हवं’ किंवा ‘नको’ एवढंच लिहू नका. शिकार, राजीखुशीने जमीनविक्री, शुल्क आणि बचावपथकांचा खर्च या चार कलमांबद्दल त्यांचं म्हणणं काय, ते लेखी विचारा, आणि आलेलं उत्तर आपल्या टाउनशिपच्या पुढच्या सभेत वाचून दाखवा.